नंदनवनातलं कूलरचं दुकान आणि वीस लाखांची रेघ

हे प्रकरण २०२५च्या जुलैमधलं. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. बाकी हिशेब जसा झाला तसाच आहे.

नागपूरच्या नंदनवनात रस्त्यालगत एक दुकान आहे. समोर पत्र्याच्या कूलरच्या बॉडी रचलेल्या, आत मोटर, पंप, पंख्याची पाती आणि लाकडी गवताचे गठ्ठे. दुकानाचे मालक, ज्यांना मी इथे भाऊ म्हणेन, पत्रा इतवारीच्या लोहाओळीतून आणतात, बॉडी स्वतः वाकवतात, मोटर बसवतात आणि विकतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत जुन्या कूलरची सर्व्हिसिंग चालते. पाऊस बसला की धंदा झोपतो. थंडीत गिझर-मिक्सरची किरकोळ दुरुस्ती. मुलांची फी, लग्नकार्य, घरभाडं, सगळं त्या चार महिन्यांच्या उन्हावर.

मी कर सल्लागार, पण माझ्याकडे ते कराच्या कामासाठी आलेच नव्हते. शेडमागची जागा घेऊन काम वाढवायचं होतं, त्यासाठी बँकेकडे पाच लाखांची कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं काढता येणारं कर्ज) मागितली, आणि बँकेने आयकर विवरणपत्रं मागितली. भाऊंचं म्हणणं सरळ होतं. “साहेब, मी काही टॅक्समध्ये येत नाही जी. चाळीस लाखापर्यंत काहीच लागत नाही म्हणते ना सगळे.”

या दोन वाक्यांत तीन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले होते. आयकर नफा मोजतो. जीएसटी उलाढाल मोजतो, नफा झाला की तोटा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्यवसाय कराला तुम्ही धंदा करता एवढंच पुरतं. नागपुरातल्या छोट्या दुकानदारांशी बोलताना मला सगळ्यात जास्त वेळ याच गाठी सोडवण्यात घालवावा लागतो. ज्या शहरात छिंदवाडा रोडवर देशभरातले आयकर अधिकारी प्रशिक्षण घेतात, त्याच शहरात “आपण टॅक्समध्ये येतो का” हा प्रश्न अजून चहाच्या टपरीवर सुटतो, याची मला गंमत वाटते.

आधी आयकर, कारण तो सोपा निघाला

आर्थिक वर्ष २०२४-२५चा हिशेब वही, यूपीआयचं स्टेटमेंट आणि बँक पासबुक यांवरून काढला. एकूण विक्री १८,९०,००० रुपये. त्यात कूलर १३,६०,००० आणि दुरुस्ती-सर्व्हिसिंग ५,३०,०००. यूपीआय आणि बँकेतून आलेले १२,४०,०००, रोखीचे ६,५०,०००.

अशा धंद्याला त्या वर्षी लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीचा आधार होता. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर सविस्तर हिशेबवह्या न ठेवता, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरता येतो. भाऊंच्या बाबतीत तो ७४,४०० अधिक ५२,०००, म्हणजे १,२६,४०० रुपये आला. शेजारच्या एका “फॉर्म भरून देणाऱ्या”ने त्यांना हाच आकडा सांगितला होता आणि वर म्हटलं होतं, तीन लाखांच्या आत आहात, भरायचीच गरज नाही.

पण ६ आणि ८ टक्के हा तळ आहे. खरा नफा त्याहून जास्त असेल तर तोच दाखवायचा. पत्रा, मोटर, पोरांचा पगार, भाडं, वीज सगळं वजा करून भाऊंच्या हातात ४,६०,०००च्या आसपास राहिले होते. घर चालतं, दोन मुलं शिकतात, आणि वर्षाची कमाई सव्वा लाख, यावर बँकेचा शिपाईही विश्वास ठेवणार नाही.

इथे लोक उगाच घाबरतात, म्हणून पुढचा हिशेब पूर्ण देतो. वहिनींच्या नावावर पाच लाखांची मुदत ठेव आहे. पैसे भाऊंचे, म्हणून व्याजाचे ३१,००० रुपये कायद्याने भाऊंच्याच उत्पन्नात धरावे लागतात. बायकोच्या नावावर ठेव केली की व्याज तिचं झालं, हा समज घराघरात आहे. बँकेने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त, हा दुसरा. एकूण उत्पन्न ४,९१,०००. नव्या करपद्धतीत त्या वर्षी पहिल्या तीन लाखांवर शून्य, उरलेल्या १,९१,०००वर ५ टक्के, म्हणजे ९,५५० रुपये. सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कलम ८७एची सूट मिळत होती, ती वजा केली की कर शून्य.

म्हणजे खरा नफा दाखवण्याची किंमत शून्य रुपये होती आणि सव्वा लाख दाखवण्याची किंमत होती बँकेचं कर्ज. विवरणपत्र भरणं मात्र टळत नव्हतं. उत्पन्न त्या वर्षीच्या मूळ सवलतीच्या तीन लाखांवर गेलं की सूट मिळून कर शून्य झाला तरी विवरणपत्र भरावंच लागत होतं.

आणखी एक गोष्ट हाती लागली. एका कोचिंग क्लासच्या वसतिगृहाचे कूलर भाऊ वर्षभराच्या कराराने सांभाळतात. त्याचे १,२०,००० रुपये देताना क्लासने १ टक्का, १,२०० रुपये टीडीएस कापला होता. आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात ती नोंद स्पष्ट दिसत होती. “मी टॅक्समध्ये येत नाही” म्हणणाऱ्या माणसाचं नाव तिथे आधीच होतं, आणि सरकारकडे त्यांचेच १,२०० रुपये पडून होते. ऑगस्टमध्ये आयटीआर-४, म्हणजे अशा छोट्या धंद्याचं विवरणपत्र, भरलं. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे घाई नव्हती. परतावा आला.

वहिनी एका खाजगी शाळेत शिक्षिका आहेत, पगार महिना ३२,०००. वर्षाचे ३,८४,००० वजा पगारदारांना सरसकट मिळणारी ७५,००० प्रमाणित वजावट, अधिक बचत खात्याचं थोडं व्याज. तीन लाखांच्या किंचित वर. कर शून्य, पण विवरणपत्र त्यांचंही भरलं.

मागच्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्न भाऊंनी विचारला. अद्ययावत विवरणपत्राची (राहून गेलेलं विवरणपत्र नंतर भरायची सोय) मुदत २०२५च्या अर्थसंकल्पाने चार वर्षांपर्यंत नेली आहे, पण कर निघत असेल तर उशिरानुसार त्यावर २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात. माझा सल्ला होता की फक्त बँकेला दाखवायला म्हणून तीन वर्षांची विवरणपत्रं एका आठवड्यात भरू नयेत. कर्ज मंजूर करणारा अधिकारी नफ्याच्या आकड्याआधी भरल्याची तारीख वाचतो.

खरा प्रश्न: १८ जून

आयकराचं काम एका बैठकीत संपलं. वही पुढे उलटली तेव्हा अडचण दिसली. एप्रिल २०२५मध्ये त्याच वसतिगृहाने साठ कूलरची ऑर्डर दिली होती, ९,५०० रुपये प्रमाणे ५,७०,०००. उन्हाळा तापला, हाताखाली दुसरा पोरगा घेतला, आणि १८ जूनला चालू वर्षाची बेरीज वीस लाखांवर गेली. कूलर १५,२०,०००, दुरुस्ती ४,८०,०००.

चाळीस लाखांची मर्यादा खरीच आहे, पण ती फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात कोणी नुसते कूलर विकत असेल तर चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याने दुरुस्तीचे पैसे घ्यायला सुरुवात केली की तो सेवाही देतो, आणि मग मर्यादा वीस लाखांची. ती दोन्ही मिळून मोजायची, दुरुस्तीची वेगळी नाही. मोबाइलची दुकानं, शिलाई करून देणारी कापडाची दुकानं, पंप विकून बसवून देणारे, सगळे याच जाळ्यात सापडतात आणि बहुतेकांना पत्ता नसतो.

मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. भाऊ आले ४ जुलैला. दोन आठवडे हातात होते.

हे दोन आठवडे किती मोलाचे होते ते सांगतो. मुदतीत अर्ज केला तर नोंदणी १८ जूनपासून लागू होते, आणि आदल्या दिवशी दुकानात जो कच्चा माल, अर्धवट किंवा तयार माल होता, त्याच्या पक्क्या बिलांवरचा जीएसटी परत धरता येतो. मुदत चुकली की हा हक्क जातो, कराची जबाबदारी मात्र १८ जूनपासूनच राहते. समजा भाऊ पुढच्या मार्चमध्ये आले असते आणि मधल्या काळात अकरा लाखांची विक्री झाली असती, तर किमतीतच कर धरला तरी १,६७,७९७ रुपये देणं निघालं असतं. त्यावर १८ टक्के व्याज. शिवाय नोंदणी न केल्याचा दंड, दहा हजार किंवा बुडालेल्या कराइतका, यातला जो जास्त तो.

कोणती नोंदणी?

भाऊंना कुणीतरी सांगितलं होतं की कंपोझिशन घ्या, एक टक्का भरा, मोकळे व्हा. यावर आम्ही बराच वेळ बसलो, कारण इथे नुसत्या टक्क्याकडे पाहून माणूस चुकतो.

कंपोझिशन म्हणजे खरेदीवरचा कर परत न घेता उलाढालीवर ठरावीक टक्का भरायचा. त्यातली एक टक्क्याची योजना उत्पादक आणि व्यापाऱ्यांची. त्यात थोडी सेवा चालते, पण मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा पाच लाख, यातल्या मोठ्या आकड्यापर्यंतच. मागची उलाढाल १८,९०,०००, तिचे दहा टक्के १,८९,०००, म्हणून मर्यादा पाच लाख. भाऊंची दुरुस्ती जूनमध्येच ४,८०,०००वर होती आणि वर्षअखेर सात लाखांवर जाणार होती. ही योजना बाद.

दुसरी, ६ टक्क्यांची. पन्नास लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आणि पहिल्या योजनेत न बसणाऱ्यांसाठी. तिसरा मार्ग नेहमीची नोंदणी: १८ टक्के लावा, खरेदीवर भरलेला कर वजा करा. अठरा ऐकून भाऊंचा चेहरा उतरला. म्हणून एका कूलरचा हिशेब कागदावर मांडला.

गिऱ्हाईक ९,५०० पेक्षा एक रुपया जास्त देणार नाही असं धरू. पत्रा, मोटर, पंप मिळून ६,००० रुपयांचा माल, त्यावर १८ टक्क्यांनी १,०८० रुपये भाऊ आधीपासून भरतच होते, फक्त ते परत मिळत नव्हते. नेहमीच्या नोंदणीत ९,५००मध्ये १,४४९ रुपये कर निघतो. त्यातून १,०८० वजा. सरकारला जातात ३६९. सहा टक्क्यांच्या योजनेत खरेदीवरचा कर परत मिळत नाही आणि ९,५००चे सहा टक्के, ५७०, खिशातून जातात. कूलरवर अठरा टक्क्यांची नोंदणी सहा टक्क्यांपेक्षा स्वस्त!

सर्व्हिसिंगमध्ये चित्र उलटं. पाचशे रुपयांच्या फेरीत नेहमीच्या नोंदणीत ७६ रुपये कर, सहा टक्क्यांत ३०. माल कमी आणि मेहनत जास्त, त्यामुळे वजा करायला फार काही नसतं. वर्षाच्या २५ लाखांच्या कूलरवर नेहमीच्या नोंदणीत साधारण ५३,०००चा फायदा, सात लाखांच्या दुरुस्तीवर ६५,०००चा तोटा. दुरुस्तीत पंप-मोटर बदलली की तिचा कर वजा मिळतो, त्यामुळे तो तोटाही थोडा कमी भरतो. म्हणजे पैशांत दोन्ही मार्ग जवळपास सारखेच.

निर्णय सौंसरने केला. तिथला एक व्यापारी पुढच्या हंगामासाठी पंचवीस कूलर मागत होता. सौंसर नागपूरहून दोन तासांच्या आत, लोक मराठी बोलतात, खरेदीला सीताबर्डीवर येतात. पण जिल्हा आणि राज्य वेगळं. मध्य प्रदेशात माल पाठवला की ती आंतरराज्य विक्री, आणि कंपोझिशनमध्ये ती चालत नाही. नोंदणी नसताना पाठवला असता तर आणखी वाईट, कारण आंतरराज्य माल विकणाऱ्याला वीस लाखांची सवलतही नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. (सौंसरचा माणूस दुकानात येऊन एक कूलर स्वतःच्या गाडीत घालून नेतो, ती गोष्ट निराळी; ती साधारणपणे स्थानिक विक्रीच धरतात.) शिवाय कोचिंग क्लासला बिलावरचा कर वजा मिळवायचा होता. नागपूरच्या कुठल्याही उत्पादकाने ही सीमा डोक्यात ठेवूनच योजना निवडावी असं माझं मत आहे. पुण्यातल्या सल्लागाराला हा प्रश्न क्वचित पडत असेल.

नेहमीची नोंदणी घेतली. ९ जुलैला अर्ज, १७ला नंबर. पॅन, आधार, फोटो, वीजबिल, भाडेकरार एवढीच कागदपत्रं. सरकारी शुल्क शून्य आहे. एजंट जे घेतो ती त्याची फी.

१८ जून ते १७ जुलै या काळात १,६०,०००ची विक्री झाली होती. त्यातले ३०,००० कोचिंग क्लासचे. नोंदणी मिळाल्यावर एक महिन्यात सुधारित बिल देता येतं, ते दिलं आणि क्लासने कर वेगळा भरला. उरलेल्या १,३०,०००ची घरगुती गिऱ्हाइकं. त्यांच्या दारात आता अठरा टक्के मागायला कोण जाणार? त्यातला १९,८३१ रुपये कर भाऊंच्या खिशातून. शिलकी मालापैकी ९०,०००ची पक्की बिलं सापडली, त्यावरचे १६,२०० वजा झाले. निव्वळ फटका ३,६३१ रुपये.

आणखी ७०,०००चा माल कच्च्या बिलावर होता. लोहाओळीत “बिल नको असेल तर भाव कमी करतो” ही बोली जुनी आहे. नोंदणी नसताना भाऊंना ती परवडत होती. आता कच्चं बिल म्हणजे वजावट गेली, आणि पक्कं बिल घेऊनही विकणाऱ्याने आपलं विवरण भरलं नाही तरी ती अडकते. भाऊंनी दोन पुरवठादार बदलले. त्यातला एक त्यांचा मावसभाऊ होता, आणि तो अजून बोलत नाही.

झोपलेल्या महिन्यांचे दिवस

उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने तिमाही पद्धत घेतली. विक्रीचं विवरण तिमाहीनंतरच्या महिन्यात १३ तारखेपर्यंत, कर भरण्याचं विवरण (जीएसटीआर-३बी) २२पर्यंत, आणि मधल्या दोन महिन्यांत कर निघत असेल तर २५पर्यंत चलन. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये एक कूलर विकला नाही तरी शून्याचं विवरण द्यावंच लागतं. नाहीतर दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क. हंगामी धंदेवाले नेमके इथे चुकतात.

व्यवसाय कराचं काम त्यामानाने किरकोळ. मालक म्हणून वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत. १४,००० पगाराच्या कारागिरासाठी वेगळी नोंदणी: पगारातून महिना २००, फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे. दुसरा पोरगा ७,००० वर आहे, त्याचं कापायचं नाही. वहिनींचा शाळा कापतेच.

त्याच महिन्यात बेंगळुरूहून बातम्या आल्या की तिथल्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. नंदनवनातल्या काही दुकानांतून क्यूआर कोड उतरले. भाऊही विचारत होते. मी नको म्हटलं. कोड काढला तरी विक्री तेवढीच राहते. उलट आयकरात रोखीवर सहाऐवजी आठ टक्के धरावे लागतात. बदल हवाच असेल तर बचत खात्यातला धंदा चालू खात्यात न्या. वर्षात दहा लाखांवर रोख बचत खात्यात भरली की बँक ती आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ती मर्यादा पन्नास लाखांची आहे. चालू खातं त्या आठवड्यात उघडलं.

२२ सप्टेंबर २०२५पासून दर बदलले तेव्हा भाऊंचा फोन आला. कूलरवर आधीही अठरा होते, नंतरही अठराच. पण एसी २८ वरून १८वर आला. भाऊ म्हणाले, “आमचं गिऱ्हाईक तोडाले बसले का हे?” यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

शेवटची बैठक दिवाळीनंतर झाली. भाऊंनी नवी कल्पना आणली होती: दुरुस्तीचं काम वहिनींच्या नावावर दाखवायचं, म्हणजे भाऊंकडे नुसते कूलर राहतील, मर्यादा चाळीस लाख होईल आणि नोंदणी रद्द करता येईल. सौंसरची विक्री सोडली तर कागदावर ते जमतं. उलाढाल पॅननुसार मोजतात आणि नवरा-बायकोचे पॅन वेगळे. पण जागा तीच, पोरं तीच, क्यूआर तोच, आणि वहिनी दिवसभर शाळेत. तपासणीत हे पाच मिनिटं टिकणार नाही. वहिनींनी खरंच शाळा सोडून दुरुस्तीचं दुकान काढलं, त्यांचं खातं, त्यांची माणसं, त्यांचं भाडं असलं, तर पुन्हा बोलू, असं सांगितलं. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मले नाही जमत ते पाने-पकडीचं काम.” विषय तिथेच मिटला.

बँकेने पाचऐवजी तीन लाख मंजूर केले आणि उरलेल्या दोनसाठी पुढच्या वर्षीचं विवरणपत्र आणि चार तिमाहींची जीएसटी विवरणं मागितली.